ब्रिज किती वर्षे टिकेल, हा प्रश्न अपुरा आहे

खालच्या जबड्यातील एक दाढ काढलेली असते. जखम भरून येते, दुखणे थांबते आणि रिकाम्या जागेची हळूहळू सवयही होते. मग कधीतरी दंतवैद्याकडून सल्ला मिळतो, की तिथे ब्रिज बसवून घ्यावा. रुग्ण दोन प्रश्न विचारतो : खर्च किती येईल आणि तो किती वर्षे टिकेल? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र तिसरा प्रश्न, जो खरे तर पहिला असायला हवा, बहुधा विचारलाच जात नाही. हा ब्रिज ज्या दिवशी निकामी होईल, त्या दिवशी शेजारच्या दोन दातांचे काय उरलेले असेल?

दंतविज्ञानाचे विद्यार्थी हा प्रश्न परीक्षेपुरता शिकतात आणि रुग्णांपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. गेल्या काही दशकांतील संशोधन पाहिले, तर कृत्रिम दाताच्या निवडीत याच प्रश्नाला सर्वाधिक वजन असायला हवे, असे स्पष्टपणे म्हणता येते. भारतासारख्या देशात, जिथे दातांच्या उपचारांचा जवळजवळ सारा खर्च कुटुंबाच्या खिशातून होतो, तिथे तर ते अधिकच खरे आहे.

ब्रिज हा शब्द ज्या पुलावरून आला, त्या पुलात आणि दातांच्या पुलात एक मूलभूत फरक आहे. नदीवरचा पूल बांधताना त्याचे खांब पुलासाठीच उभारले जातात. तोंडातल्या पुलाचे खांब मात्र आधीपासून तिथे असलेले जिवंत अवयव असतात. एक दाढ नसेल तर तिच्या मागचा आणि पुढचा असे दोन दात सर्व बाजूंनी घासून लहान केले जातात. त्या दोघांवर कॅप बसतात आणि त्या दोन कॅपना जोडलेला मधला कृत्रिम दात रिकाम्या जागेवर येतो. तीन दातांचा हा एकसंध तुकडा सिमेंटने पक्का केला जातो. दोन-तीन भेटींत काम पुरे होते, काढघाल करावी लागत नाही, शस्त्रक्रिया लागत नाही आणि चावताना आत्मविश्वास येतो. ब्रिजची लोकप्रियता याच गुणांमुळे आहे आणि हे गुण खरे आहेत.

त्याची किंमत मात्र दातावरच्या इनॅमलमध्ये मोजली जाते. इनॅमल हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा थर ज्या पेशी तयार करतात, त्या दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत नाहीशा झालेल्या असतात. त्यामुळे मोडलेले हाड सांधते, फाटलेली त्वचा भरून येते, पण घासून काढलेले इनॅमल पुन्हा कधीही तयार होत नाही. कॅपसाठी दाताच्या बाजूंवरून साधारण १ ते १.५ मिलिमीटर आणि चावण्याच्या पृष्ठभागावरून १.५ ते २ मिलिमीटर भाग काढावा लागतो. इनॅमलची जाडी सर्वाधिक असते त्या ठिकाणीही ती सुमारे अडीच मिलिमीटरच असते, हे लक्षात घेतले की या आकड्यांचा अर्थ कळतो.

डॅनियल एडेलहॉफ आणि जॉन सोरेन्सन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुढच्या दातांवरील वेगवेगळ्या तयारींसाठी किती भाग काढला जातो, हे प्रत्यक्ष वजन करून मोजले होते. पूर्ण कॅपसाठी दाताच्या हिरडीबाहेरील भागापैकी ६३ ते ७२ टक्के भाग जात होता. व्हिनिअर आणि चिकटवलेल्या ब्रिजसाठी हेच प्रमाण ३ ते ३० टक्के होते. एका हरवलेल्या दातासाठी दोन निरोगी दातांचा निम्म्याहून अधिक दृश्य भाग द्यायचा, असा हा व्यवहार आहे.

शिवाय जे उरते तेही पूर्वीसारखे राहत नाही. इनॅमलखालच्या डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नलिका असतात. एका चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंनी मोजली जाते आणि त्या थेट पल्पकडे, म्हणजे नसा व रक्तवाहिन्यांनी भरलेल्या दाताच्या मऊ गाभ्याकडे जातात. दात घासताना निर्माण होणारी उष्णता, उघड्या पडलेल्या नलिका आणि त्यांतून आत जाणारे जिवाणू यांचा ताण या गाभ्यावर येतो. काही दात तो सहन करतात. काही दातांचा गाभा वर्षा-दोन वर्षांनी किंवा त्याहून उशिरा, कसलाही गाजावाजा न करता मरून जातो.

दात घासणे ही ब्रिजची अपरिहार्य अट इतिहासाच्या प्रारंभी नव्हती. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतील एट्रुस्कन कारागीर सोन्याच्या पातळ पट्ट्या शेजारच्या दातांभोवती वळवून त्यांत कृत्रिम दात बसवीत. घासण्याची वेगवान साधने त्यांच्याकडे नव्हतीच. दंतवैद्यकात हवेच्या दाबावर फिरणारे अतिवेगवान यंत्र १९५७ मध्ये आले आणि इनॅमल कापणे मिनिटांचे काम झाले. १९६० च्या दशकात धातूवर पोर्सेलिन पक्के बसवण्याची पद्धत रूढ झाली. दिसायला दातासारखा आणि चावायला मजबूत असा ब्रिज सर्वत्र पोहोचला. तंत्र सोपे झाले की त्याचा वापर वाढतो, आणि वापर वाढला की तो करावा की नाही हा विचार मागे पडतो. ब्रिजच्या बाबतीत काही प्रमाणात हेच घडले.

ब्रिजवर येणारा भारही किरकोळ नसतो. निरोगी प्रौढ माणूस दाढांमध्ये पूर्ण जोर लावून चावतो, तेव्हा साधारण ५०० ते ७०० न्यूटन इतके बल निर्माण होऊ शकते. ब्रिज हा यंत्रशास्त्राच्या दृष्टीने दोन टोकांना टेकलेला दांडा आहे. अशा दांड्याचा वाक त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. एका दाताऐवजी सलग दोन दात टांगले तर वाक दुप्पट नव्हे, तर आठपट होतो. तीन दात टांगले तर तो सत्तावीसपट होतो. जाडीचे गणित उलट आहे. दांड्याची जाडी निम्मी केली की वाक आठपट वाढतो. लांब ब्रिज एका टोकाला सुटतात किंवा त्यांवरचे पोर्सेलिन उडते, त्यामागे दंतवैद्याचा हलगर्जीपणाच असतो असे नाही. बऱ्याचदा हे घनाचे गणितच असते.

आधारदात किती भार पेलू शकतील, याचा एक ठोकताळा आयर्विन अँटे यांनी १९२६ मध्ये मांडला. आधारदातांच्या मुळांचे एकूण क्षेत्रफळ हरवलेल्या दातांच्या मुळांइतके किंवा त्याहून जास्त असावे, असे तो सांगतो. पुढे स्वीडनमध्ये स्ट्यूरे निमन आणि यान लिंडे यांच्या कामातून दिसले, की हिरड्यांचा आजार काटेकोरपणे आटोक्यात ठेवला, तर याहून कमी आधारावरही ब्रिज दीर्घकाळ टिकू शकतात. यातून निघणारा धडा सरळ आहे. मुळांच्या आकाराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व हिरड्यांच्या आरोग्याला आहे.

आता टिकाऊपणाच्या आकड्यांकडे वळायला हवे, कारण खरी गफलत तिथे होते. दातांवर आधारलेले पारंपरिक ब्रिज १० वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के रुग्णांत तोंडात टिकून असतात, असे अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन २००४ मध्ये दाखवले गेले. हा आकडा दिलासा देणारा आहे. परंतु त्याच आढाव्यात दुसराही आकडा होता. १० वर्षांत कोणतीही गुंतागुंत न झालेल्या ब्रिजचे प्रमाण सुमारे ७१ टक्केच होते. आधारदातांपैकी जवळपास दहात एका दाताचा गाभा मृत झाला होता आणि साधारण तितक्याच दातांना कीड लागली होती. पहिल्या आकड्यात फक्त ब्रिज मोजला जातो. तो तोंडात असला की ‘टिकला’. त्याच्याखाली दाताचे काय चालले आहे, हे त्या आकड्यात येत नाही.

नेमके हेच नुकसान लपून राहते. एका टोकाचे सिमेंट झिजून सुटले, तरी दुसऱ्या टोकाने ब्रिज जागेवर धरलेला असतो. रुग्णाला काही जाणवत नाही. सुटलेल्या कॅपखाली लाळ, अन्नकण आणि जिवाणू शिरतात, कीड पसरते आणि दाताची रूट कॅनाल आधीच झालेली असेल तर दुखून इशारा देणारी नसही उरलेली नसते. ब्रिज अखेर हलू लागतो तेव्हा कॅपच्या आत दाताऐवजी भुसभुशीत अवशेष सापडतात. तो दात काढावा लागतो. आता दोन दात नाहीत आणि पुढचा ब्रिज आणखी लांब होणार असतो, म्हणजे आणखी एक निरोगी दात घासला जाणार असतो. पस्तिशीत एका दातापासून सुरू झालेला हा हिशेब साठीपर्यंत अख्खी एक बाजू गिळून टाकू शकतो. सगळ्यांच्या बाबतीत असे होत नाही. पण ज्यांच्या बाबतीत होते, त्यांना सुरुवातीला या शक्यतेची कल्पना दिलेली असते का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून दोन उपायांची तुलना करताना ‘कोणता किती टिकतो’ एवढे पुरत नाही. ‘कोणता कसा मोडतो’ हेही पाहावे लागते. चिकटवलेल्या ब्रिजची गोष्ट या दृष्टीने उद्बोधक आहे.

मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले, की इनॅमलवर सौम्य आम्ल काही काळ लावून धुतले तर त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म खाचांनी भरतो आणि त्यावर रेझिन घट्ट चिकटते. या एका निरीक्षणातून आधुनिक दंतवैद्यकातील चिकटवण्याचे सारे तंत्र उभे राहिले. १९७३ मध्ये अ‍ॅलेन रोशेत यांनी दातांच्या मागच्या बाजूला छिद्रे असलेली धातूची पातळ पट्टी चिकटवण्याची कल्पना मांडली. १९८० च्या दशकात अमेरिकेतील मेरिलँड विद्यापीठात तिची सुधारित आवृत्ती तयार झाली आणि ‘मेरिलँड ब्रिज’ हे नाव रूढ झाले. यात शेजारचे दात चारी बाजूंनी घासले जात नाहीत. कृत्रिम दाताला पातळ पंख असतात आणि ते शेजारच्या दातांच्या मागे चिकटवले जातात.

सुरुवातीचे निकाल फारसे उत्साहवर्धक नव्हते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा ब्रिजचे १० वर्षांचे टिकण्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असल्याचे दिसले, तर पारंपरिक ब्रिजचे सुमारे ८९ टक्के. आकड्यांवर निर्णय घ्यायचा तर प्रकरण इथेच संपते. पण मोडण्याची तऱ्हा पाहिली की चित्र बदलते. चिकटवलेला ब्रिज बहुतेक वेळा नुसता सुटतो. तो हातात घेऊन रुग्ण दंतवैद्याकडे जातो आणि बऱ्याचदा तोच पुन्हा चिकटवता येतो. शेजारचा दात जवळजवळ जसाच्या तसा असतो आणि पुढचे सर्व पर्याय खुले राहतात. घासलेल्या दातावरचा ब्रिज मोडतो तेव्हा अनेकदा दातच गेलेला असतो. पहिल्या प्रकारात उपाय हरतो, दुसऱ्या प्रकारात दात हरतो. सांख्यिकीच्या तक्त्यात मात्र दोन्हींची नोंद एकाच शब्दात होते : अपयश.

पुढे जे समजले ते तर सामान्य तर्काला उलटे होते. जर्मनीतील कील विद्यापीठातील मथायस केर्न यांनी पुढच्या दातांसाठी सिरॅमिकचे दोन पंखांचे आणि एकाच पंखाचे चिकटवलेले ब्रिज १० वर्षे तपासले. दोन खांबांचा पूल अधिक मजबूत असावा, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात दोन पंखांचे सुमारे ७४ टक्के टिकले आणि एका पंखाचे सुमारे ९४ टक्के. कारण दाताच्या मुळाभोवतीच्या तंतूंमध्ये दडले आहे. सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीच्या या तंतूंच्या थरामुळे प्रत्येक दात चावताना आपापल्या दिशेने किंचित हलतो. दोन दात एकमेकांना बांधले की त्यांच्या वेगवेगळ्या हालचालींचा ताण जोडावर येतो आणि तो तुटतो. एकाच दाताला लावलेला पंख त्या दाताबरोबरच हलतो. अभ्यासातील ब्रिजची संख्या लहान होती आणि हे निष्कर्ष पुढच्या दातांचे आहेत. मागच्या दाढांना ते सरसकट लावता येत नाहीत. पण किमान पुढचा एक दात नसलेल्या रुग्णासाठी हा पर्याय सांगितलाच पाहिजे, इतका पुरावा आज उपलब्ध आहे. जबड्याची वाढ पूर्ण न झालेल्या किशोरवयीन मुलामुलींना इम्प्लांट बसवता येत नाही. खेळताना पडून किंवा अपघातात पुढचा दात गमावलेल्या शाळकरी मुलासाठी तर हा उपाय वरदान ठरू शकतो.

इम्प्लांटविषयीही तितक्याच समतोलाने बोलायला हवे. स्वीडनचे पेर-इंग्वर ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होते हे ओळखले आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर दातांसाठी त्याचा वापर केला. एकेकट्या इम्प्लांटवरील कॅपचे १० वर्षांचे टिकण्याचे प्रमाण पारंपरिक ब्रिजइतकेच, म्हणजे सुमारे ८९ टक्के आढळले आहे. आकडे सारखे, पण इम्प्लांटमध्ये शेजारच्या दातांना हात लागत नाही. उलट बाजूला शस्त्रक्रिया आहे, अधिक खर्च आहे, काही महिन्यांची प्रतीक्षा आहे आणि पुरेशा हाडाची गरज आहे. दात काढल्यानंतर वर्षभरात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातला मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत जातो. म्हणून रिकाम्या जागेचे काय करायचे याची चर्चा दात काढण्यापूर्वीच व्हायला हवी, काढल्यानंतर वर्षांनी नव्हे. दिल्लीतील मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आणि आयआयटी दिल्ली यांनी सीएसआयआरच्या साहाय्याने स्वदेशी इम्प्लांट विकसित करण्याचे काम केले आहे. असे प्रयत्न किंमत खाली आणू शकले, तर निवडीचे गणित बदलेल.

या सगळ्याचा अर्थ पारंपरिक ब्रिज वाईट असा मुळीच नाही. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच मोठी फिलिंग झालेली असेल, त्यांची रूट कॅनाल झालेली असेल, त्यांना तसेही कॅपची गरज असेल, तर ब्रिज हा उत्तम आणि किफायतशीर उपाय आहे. तिथे निरोगी इनॅमलचा बळी द्यावा लागत नाही. ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही किंवा ज्यांच्या जबड्यात हाड पुरेसे नाही, त्यांच्यासाठीही तो योग्य ठरतो. आक्षेप ब्रिजवर नाही. दोन अखंड, निरोगी दातांमधील रिकाम्या जागेवर कसलीही चर्चा न होता बसवल्या जाणाऱ्या ब्रिजवर आहे.

काही वेळा तर काहीही न बसवणे हाही शास्त्रीय निर्णय असतो. नेदरलँड्समधील आर्न्ड काइझर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवले, की मागच्या काही दाढा नसतानाही पुरेसे पुढचे दात समोरासमोर येत असतील, तर बहुतेकांचे चावण्याचे काम समाधानकारक चालते. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, हे खरे आहे. पण ते प्रत्येकात आणि सारख्याच प्रमाणात होत नाही. शेवटची दाढ गेली म्हणून घाबरून तिच्या पुढचे दात घासून घेण्याआधी काही महिने नीट निरीक्षण करण्यात कमीपणा नाही.

भारताच्या संदर्भात हा विषय केवळ वैद्यकीय राहत नाही. सरकारी दवाखान्यात दात काढून मिळणे सोपे, वाचवून किंवा पुन्हा बसवून मिळणे कठीण, हा देशाच्या अनेक भागांतील सामान्य माणसाचा अनुभव आहे. आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल करून होणाऱ्या उपचारांवर आहे. बहुतेक खासगी आरोग्य विम्यांत अपघात वगळता दातांचे नेहमीचे उपचार बसत नाहीत. परिणामी ज्याच्याकडे पैसा आहे तो इम्प्लांट करतो, ज्याच्याकडे थोडा आहे तो ब्रिज करतो आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो रस्त्याच्या कडेला बसलेल्या अप्रशिक्षित माणसाकडून झटपट घट्ट होणाऱ्या अ‍ॅक्रिलिकचे दात तारेने किंवा थेट शेजारच्या दातांवर थापून घेतो. त्यातून हिरड्या सडतात आणि उरलेले दातही जातात. हेही एका अर्थी ब्रिजच आहेत. ‘पक्का’ दात हवा, ही गरिबाचीही रास्त इच्छा आहे. ती पुरी करण्याची सुरक्षित सोय सार्वजनिक व्यवस्थेत नाही, हे तिचे अपयश आहे.

आधारदातांवरचा धोकाही इथे अधिक आहे. २०१६-१७ च्या प्रौढांमधील तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. महाराष्ट्रातील मिसरीपासून उत्तरेतील खैनीपर्यंत तिची रूपे वेगळी, पण हिरड्यांवरचा परिणाम सारखाच. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि मधुमेह व हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात. ज्या खांबांच्या पायाखालची जमीनच सरकत आहे, त्यांवर पूल बांधताना पहिला उपचार हिरड्यांचा असायला हवा. तो वगळून केलेला ब्रिज कितीही देखणा असला तरी अल्पायुषीच ठरतो.

इथेच संमतीचा प्रश्न येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका निकालात स्पष्ट केले, की उपचारापूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, त्यातील धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार न घेण्याचे परिणाम यांची पुरेशी माहिती दिली गेली पाहिजे. प्रकरण दातांचे नव्हते, पण तत्त्व सर्व उपचारांना लागू आहे. घासलेला दात पूर्ववत होत नाही. म्हणजे ब्रिजची तयारी ही परत न फिरवता येणारी क्रिया आहे. अशा क्रियेची संमती ‘ब्रिज करून टाकू का?’ आणि त्यावर ‘हो’ एवढ्या संवादातून मिळाली असे मानता येणार नाही. यात साऱ्या दंतवैद्यांना दोष देण्याचे कारण नाही. गर्दीच्या दवाखान्यात, स्वस्त आणि लवकर होणारे काम मागणाऱ्या रुग्णासमोर पर्यायांची चर्चा हा बिनमोबदल्याचा वेळ असतो. म्हणूनच ती व्यक्तीच्या चांगुलपणावर न सोडता व्यवस्थेचा भाग व्हायला हवी.

करता येण्याजोग्या गोष्टी फार अवघड नाहीत. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. अभ्यासक्रम आणि मानके नव्याने ठरवण्याची ही संधी आहे. चिकटवलेला ब्रिज हा प्रत्येक पदवीधराने स्वतःच्या हाताने केलेला उपचार असावा, पुस्तकातला एक परिच्छेद नव्हे. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांत विद्यार्थ्यांच्या हातून रोज ब्रिज तयार होतात. या महाविद्यालयांनी आपले रुग्ण १०-१५ वर्षे पुन्हा बोलावून ब्रिजबरोबरच आधारदातांचीही नोंद ठेवली, तर जगाला उपयोगी पडेल असा पुरावा इथून मिळेल. फ्लोरोसिसने बदललेल्या इनॅमलवर रेझिन किती चांगले चिकटते, यासारखे प्रश्न तर राजस्थान, तेलंगण किंवा विदर्भातील रुग्णांसाठी इथेच सोडवावे लागतील.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र ब्रिजच्या कितीतरी आधीचा आहे. मुलांची पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या वर्षी, एकही दुधाचा दात न पडता, मागच्या बाजूला मुकाट्याने येते. ती दुधाचीच आहे आणि पडणारच आहे असे समजून अनेक पालक तिच्याकडे दुर्लक्ष करतात. अनेकांच्या आयुष्यातला पहिला ब्रिज याच दाढेच्या जागी बसतो. तिच्या खोल खाचा वेळीच सीलंटने बुजवणे, फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने रात्री दात घासणे आणि येता-जाता गोड खाणे थांबवणे, एवढ्याने अनेक ब्रिजची गरजच उरणार नाही. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमाचे यश किती दात काढले यावर नव्हे, तर किती सहावर्षी दाढा शाबूत राहिल्या यावर मोजले जायला हवे.

तोवर ज्याला ब्रिज सुचवला गेला आहे, त्याने खर्च आणि वर्षे विचारावीतच, पण आणखी चार प्रश्न अवश्य विचारावेत. शेजारचे दात आज निरोगी आहेत का? त्यांना न घासता करता येईल असा कोणता उपाय आहे? काहीच केले नाही तर काय होईल? आणि हा ब्रिज निकामी झाला, तर माझ्याकडे कोणते दात उरतील? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी रागावत नाही, तो एक्स-रे समोर धरून उत्तरे देतो. ही उत्तरे ऐकल्यावर रुग्णाने ब्रिजच निवडला, तर तो निर्णय खऱ्या अर्थाने त्याचा असेल. हरवलेला दात परत येत नाही, पण त्याच्या जागी काय बसवायचे हे ठरवताना शेजारी उभ्या असलेल्या दोन निरोगी दातांची बाजू कोणीतरी मांडली पाहिजे. त्यांना स्वतःला बोलता येत नाही. दुखू लागल्यावरच ते बोलतात, आणि तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.